हमी... काच सोडून!

महागाच्या वस्तू विकणारे लोक 'वॉरंटी' हा शब्द फार प्रेमानं उच्चारतात. स्विस घड्याळांच्या बाबतीत तर विचारूच नका. रोलेक्सनं २०१५ साली वॉरंटी पाच वर्षांची केली, ओमेगानं २०१८ साली. दुकानातला टाय लावलेला, मऊ आवाजाचा मुलगा "सर, फाइव्ह इयर्स इंटरनॅशनल वॉरंटी" हे शब्द असे काही म्हणतो, की आपल्याला वाटावं, पुढची पाच वर्षं या घड्याळाची काळजी स्वित्झर्लंडमधल्या कुणीतरी वाहायची आणि आपण नुसतं मनगट पुढे करायचं! मग एक जाडजूड कार्ड मिळतं आणि त्याबरोबर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांतली एक पुस्तिका. ती डझनभर भाषांत असते आणि कुठल्याच भाषेत कुणी वाचत नाही.

मी वाचली आहे. सावकाश, भिंग घेऊन, पेन्सिलीनं खुणा करत. आणि एकच नाही, मित्रांच्या, नातेवाइकांच्या कपाटांत पडलेल्या आणखी चारपाच कंपन्यांच्याही वाचल्या. सगळ्यांचं सार एका ओळीत सांगता येतं. घड्याळाच्या ज्या भागाला जगाचा धक्का लागतो, तो भाग सोडून बाकीच्याची हमी.

म्हणजे काय काय सोडून? बॅटरी असेल तर ती, पट्टा, नेहमीच्या वापरानं होणारी झीज, काचेवरचे चरे आणि आपटल्यामुळे फुटलेली काच. बहुतेक कंपन्यांच्या यादीत हे एवढं सापडतंच. हमी असते ती माल आणि बनावट यांतल्या दोषाची. म्हणजे आत, अंधारात, तेलाच्या थेंबात निवांत फिरणाऱ्या चाकांची. ऊन, भिंत, दाराची कडी, बसचा दांडा या सगळ्यांशी ज्या काचेची रोज गाठ पडते, तिचं तुमचं तुम्ही बघा.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको. फुटलेली काच कंपनीनं फुकट बदलून द्यावी असं माझं म्हणणं नाही. अजिबात नाही. घड्याळ आपण आपटलं तर पैसे आपण भरायचे, इतका साधा न्याय मलाही कळतो. माझं भांडण पुढच्या कलमाशी आहे. ते कलम म्हणतं, की आम्ही अधिकृत न केलेल्या माणसानं घड्याळ उघडलं, तर उरलेली सगळी वॉरंटी संपली. म्हणजे बघा, काचेची जबाबदारी आमची नाही. ठीक. पण ती दुसऱ्या कुणी बसवली तर आतल्या चाकांची जबाबदारीही आमची नाही. आणि ती काच आम्ही दुसऱ्या कुणाला विकणारही नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, ही म्हण ज्यानं केली, त्याच्या हातात असलं वॉरंटी कार्ड नक्कीच नव्हतं. पण असतं तर त्यानं वेगळं काही म्हटलं नसतं.

आता थोडं काचेविषयी, कारण त्याशिवाय या प्रकरणातली गंमत कळायची नाही.

आपण सगळ्यांना सरसकट 'काच' म्हणतो, पण घड्याळाच्या काचेच्या मुख्य जाती तीन. पहिली ॲक्रिलिकची, म्हणजे चक्क प्लास्टिकची. एचएमटीच्या 'जनता'वर असायची ती. बोट घासलं तरी ओरखडा उठेल अशी नाजूक, पण सहसा तिचे तुकडे होत नाहीत, आणि पॉलिश लावून घासली की पुन्हा लख्ख. दुसरी मिनरल ग्लास, म्हणजे आपली खरीखुरी काच. आणि तिसरी सफायर, जी महागड्या घड्याळांवर असते. ही मुळात काच नव्हेच. हा ॲल्युमिनियम ऑक्साईडचा स्फटिक. आपल्याकडे धार लावायला जो कुरुंदाचा दगड वापरतात ना, त्याच घराण्यातला. माणिक आणि नीलम हे त्याचे श्रीमंत भाऊ. ऑग्युस्त व्हेर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ही भुकटी ज्वालेत वितळवून कृत्रिम माणिक वाढवायची रीत १९०२ साली जाहीर केली. घड्याळावरची सफायर म्हणजे त्याच कुळातला बिनरंगी स्फटिक, कापून आणि घासून चकती केलेला.

तर हा स्फटिक टणकपणात मोहच्या मापावर ९ वर बसतो. हिरा १०. आपल्या घरातल्या धुळीत, रस्त्यावरच्या मातीत जे वाळूचे कण असतात ते साधारण ७ वर. म्हणून साध्या काचेवर धुळीनं चरे पडतात आणि सफायरवर पडत नाहीत. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत जे 'स्क्रॅच रेझिस्टंट' लिहिलेलं असतं ते खोटं नाही. पण टणक असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. खडीसाखरेचा खडा नखानं ओरखडत नाही, पण बत्त्याच्या एका टोल्यात त्याचे तुकडे होतात. सफायरचा स्वभाव तोच. ओरखडा येणार नाही, पण कडेला नेमका टोला बसला तर टवका उडेल, नाहीतर तडा जाईल.

हे कंपन्यांना माहीत नाही असं थोडंच आहे? ज्यांनी हा स्फटिक निवडला, त्यांनीच फुटणं वॉरंटीतून वगळलं. याचा अर्थ काच फुटणार हे त्यांनी आधीच धरलेलं आहे. त्यात त्यांची लबाडी आहे असंही मी म्हणत नाही. प्रत्येक काचेत काहीतरी गमवावंच लागतं. चंद्रावर गेलेल्या ओमेगा स्पीडमास्टरवर मुद्दाम प्लास्टिकची काच होती. आजही ते घड्याळ प्लास्टिक आणि सफायर अशा दोन्ही काचांत मिळतं, आणि प्लास्टिकवालं स्वस्त पडतं. आणि गंमत ऐका. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट चंद्रावर दुसऱ्यांदा यानाबाहेर पडला, तेव्हा त्याच्या ओमेगाची काच निघून आली. नासानं कसून तपासून निवडलेलं घड्याळ ते! तिसऱ्या फेरीला त्यानं आपलं खासगी ब्युलोव्हा मनगटावर बांधलं. तेच ब्युलोव्हा २०१५ साली लिलावात सोळा लाख डॉलरच्या वर गेलं.

सांगायचा मुद्दा एवढाच, की घड्याळाची काच जाणं हा काही विपरीत योग नाही. चंद्रावर जाते, चेंबूरला जाते. वस्तू वापरात असण्याचाच तो भाग आहे. स्कॉटकडे दुसरं घड्याळ होतं. आपल्याकडे सर्व्हिस सेंटर असतं.

आमच्या घरी असं एक घड्याळ आहे. माझ्या बायकोचं. एकतीस वर्षं शाळेत शिकवून ती निवृत्त झाली, तेव्हा ग्रॅच्युइटीतून तिनं स्वतःसाठी घेतलेली ही एकुलती एक वस्तू. किंमत दोन लाख दहा हजार. (बाकीचे पैसे कुठे गेले हे मध्यमवर्गीयांना सांगायला नको. मुलीची फी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि उरलेल्याची एफडी.) कंपनी कुठली हे लिहीत नाही, कारण पुस्तिका वाचून माझी खात्री पटली आहे, की नाव बदललं तरी गोष्ट फारशी बदलणार नाही.

चौदा महिने झाले होते. एका संध्याकाळी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली येताना जिन्याच्या लोखंडी कठड्याला तिचा हात लागला. आवाजसुद्धा फार झाला नाही. बारा आणि एकच्या मधे कडेचा टवका उडाला आणि तिथून मध्यापर्यंत केसाएवढी रेघ. घड्याळ चालूच होतं. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही.

सर्व्हिस काउंटरवर दिलं. तिथून ते मुंबईला गेलं आणि बारा दिवसांनी ईमेल आली. काच, गॅस्केट आणि 'कंप्लीट मेंटेनन्स सर्व्हिस' मिळून सत्तावीस हजार चारशे रुपये. काच परदेशातून मागवायची, त्यामुळे वेळ आठ ते दहा आठवडे. मी फोन केला. नुसती काच बदलून देता का? नाही, धोरण तसं नाही. मग काच मला विकत देता का? नाही. बरं, दुसरीकडून बसवून घेतली तर? "देन सर, वॉरंटी विल बी व्हॉइड." मुलगी अतिशय नम्र होती. तिला दोष देण्यात अर्थ नाही, ती बिचारी समोरच्या स्क्रीनवरचं वाचत होती. चौदा महिन्यांपूर्वी तेल घालून आलेल्या, वॉरंटीत असलेल्या, बिनचूक चालणाऱ्या मशीनची सगळी सर्व्हिस आत्ता कशाला, या प्रश्नाचं उत्तर त्या स्क्रीनवर नसावं.

खर्च मान्य नाही म्हटल्यावर कुरिअरचे पैसे घेऊन घड्याळ जसंच्या तसं परत आलं. मग ते घेऊन मी शनिपाराजवळच्या बोळातल्या आमच्या नेहमीच्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो. चार फूट रुंदीचं दुकान, वय सत्तरीच्या पुढे, हात अजून स्थिर. त्यांची मुलगी बायकोच्या वर्गात होती, त्यामुळे आमच्या घरचं कुठलंही घड्याळ त्यांच्या लेखी 'बाईंचं घड्याळ'. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, पाच मिनिटं फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, मशीनला काही झालेलं नाही. कण आत गेलेला दिसत नाही. अठ्ठावीस मिलिमीटरची सपाट सफायर आहे. तशी काच मी बसवून देतो, अठराशे रुपये. पाण्याची टेस्ट करून देतो. पण ती कंपनीची नसणार, आतला लेपही नसणार. तुम्ही कंपनीची काच आणून द्या, नुसते मजुरीचे पाचशे घेईन."

"कंपनी देत नाही हो काका."

"मलाही देत नाही," ते म्हणाले. "पूर्वी डीलरकडून काचा, काटे, चाव्या सगळं यायचं. आता म्हणतात, तुम्ही अधिकृत नाही."

तर हिशोब असा. एका बाजूला सत्तावीस हजार चारशे रुपये आणि दहा आठवडे. दुसऱ्या बाजूला अठराशे रुपये, दोन दिवस आणि पावणेचार वर्षांच्या वॉरंटीवर पाणी. मी घरी येऊन दोन्ही बाजू कागदावर मांडल्या. बायकोनं कागद बघितलासुद्धा नाही. म्हणाली, "घड्याळ माझं आहे ना? मग ते कुणी उघडायचं हे मी ठरवीन." आणि काकांकडे दिलं. काच बसली. लेप नसल्यामुळे उन्हात जरा जास्त चमकते, एवढाच फरक.

मला तिचं हे वाक्य इतकं पटलं, की हा लेख म्हणजे त्या एका वाक्यावरचं भाष्य समजायला हरकत नाही.

मालकी म्हणजे काय हो? पैसे देऊन वस्तू घरी आणली म्हणजे ती आपली झाली, असं आपण लहानपणापासून समजत आलो. सायकल आपली म्हणजे पंक्चर कुठे काढायचं ते आपण ठरवायचं. पण इथे दोन लाख मोजूनही घड्याळाचं झाकण उघडायची परवानगी दुसऱ्याच्या हातात. परवानगी न घेता उघडलंत तर शिक्षा, आणि शिक्षा अशा गोष्टीची जिचा त्या काचेशी काही संबंध नाही. समजा, उद्या आतल्या मुख्य स्प्रिंगमध्ये कारखान्यातलाच दोष निघाला. काकांनी बसवलेल्या काचेनं ती स्प्रिंग कशी बिघडवली हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर हवी. पण कलम तसं म्हणत नाही. उघडलंत? संपलं!

बरं, दोष कुणाचा हे ठरवणार कोण? तीच कंपनी. काचेच्या आतून धुकं धरलं, तर गॅस्केट कारखान्यात नीट बसलं नव्हतं की तुम्ही चावी नीट दाबली नव्हती? ते ठरवणार. तडा टोल्यानं गेला की बसवतानाच काच कडेला ताणलेली होती? तेही तेच ठरवणार. खेळाडूही तेच, पंचही तेच, आणि थर्ड अंपायरचा टीव्हीही त्यांच्याच घरी.

आता कंपन्यांची बाजू. ती अगदीच पोकळ नाही, म्हणून नीट मांडतो. ते म्हणतात, सफायर फुटली की तिचे बारीक कण आत जातात. कण टणक असल्यामुळे डायल ओरबाडतात, चाकांत अडकतात, म्हणून पूर्ण सफाई लागते. खरं आहे. पण मग आधी उघडून बघा ना, कण गेलेत का! काकांनी भिंगातून बघितलं, ते यांच्या स्वच्छ, पांढऱ्या वर्कशॉपमध्ये का बघता येऊ नये? न बघताच सगळ्यांना एकच बिल लावणं म्हणजे पायात काटा मोडला म्हणून आलेल्या माणसाला डॉक्टरनं आल्या आल्या ऑपरेशनच्या टेबलावर घेणं.

दुसरं म्हणतात, पाण्याची सील महत्त्वाची, ती कुणीही ऐऱ्यागैऱ्यानं बिघडवायला नको. हेही खरं. मग सीलची चाचणी करून घ्या, नापास झाली तर पाण्यानं होणाऱ्या बिघाडाची हमी काढून घ्या. बाकीची कशाला काढता? तिसरं म्हणतात, सुटे भाग मोकळे विकले तर नकली घड्याळवाल्यांचं फावेल. अहो, नकली घड्याळं तुमच्या काचेसाठी खोळंबलेली नाहीत. ती आपली काच आपण बनवतात. खोळंबतो तो खरं घड्याळ घेतलेला माणूस.

हे भांडण काही मी आज उकरून काढलेलं नाही. युरोपातल्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांच्या महासंघानं २००४ साली युरोपियन कमिशनकडे तक्रार केली होती, की स्विस कंपन्या स्वतंत्र कारागिरांना सुटे भाग देत नाहीत. कमिशननं २००८ साली ती फेटाळली. २०१० साली न्यायालयानं कमिशनचा तो निर्णय रद्द केला. कमिशननं पुन्हा तपास केला आणि २०१४ साली पुन्हा फेटाळली, आणि २०१७ साली न्यायालयानं या वेळी कमिशनची बाजू उचलून धरली. तेरा वर्षं! दरम्यान ओमेगा, लाँजिन, टिसो, राडो ज्याच्या पोटात आहेत त्या स्वॅच समूहानं २०१५ संपताना स्वतंत्र घाऊक व्यापाऱ्यांचा सुट्या भागांचा पुरवठा तोडूनही टाकला होता. म्हणजे युरोपात कारागीर हरले. हे मी लपवत नाही. पण न्यायालयानं एखादी गोष्ट बेकायदा ठरवली नाही, म्हणजे ती योग्य झाली असं नसतं. आणि दुसरं म्हणजे युरोप हेच काही जग नव्हे.

अमेरिकेत १९७५ पासून वॉरंटीचा एक कायदा आहे. आमचाच भाग वापरा, आमच्याच माणसाकडून दुरुस्ती करून घ्या, अशी अट वॉरंटीला जोडायची असेल, तर तो भाग आणि ती दुरुस्ती ग्राहकाला फुकट द्यावी लागते. किती साधा आणि किती चोख नियम! पैसेही घेणार आणि दुसऱ्याकडे जाऊही देणार नाही, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर याहून मोठं उदाहरण आहे, पण ते घड्याळाच्या दुकानात कुणी काढत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला. गुन्हा काय? सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणं, आणि गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये नेली तर वॉरंटी रद्द करण्याची अट. दंडाच्या रकमेवरून पुढे अपिलं झाली, पण आयोगानं बोट ठेवलं ते नेमकं याच दोन गोष्टींवर. आता मला सांगा, मोटारीचा ब्रेक चुकीचा बसला तर माणसं मरतात. घड्याळाची काच चुकीची बसली तर फार तर धुकं धरेल. ब्रेकचे पॅड कोपऱ्यावरच्या गॅरेजला मिळायला हवेत असं ज्या देशाचा आयोग म्हणतो, त्या देशात घड्याळाची काच शनिपारच्या कारागिराला का मिळू नये?

केंद्र सरकारनं २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. त्यात चार क्षेत्रं धरली. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि मोटारी. घड्याळ त्यात नाही. आणि इकडे स्वित्झर्लंड ज्यात आहे त्या एफ्टा देशांशी भारताचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे. स्विस घड्याळांवरची आयात ड्युटी टप्प्याटप्प्यानं कमी होत जाणार. म्हणजे घड्याळं जास्त येणार, आणि काचा काही कमी फुटणार नाहीत! वस्तूला दार उघडलं तर तिच्या सुट्या भागांनाही उघडायला हवं, हे करार करताना नाही तरी निदान आता कुणाच्या तरी डोक्यात यायला हवं.

इथे एक आक्षेप हमखास येतो. माझ्या मेव्हण्यानंच घेतला. "दोन लाखांचं घड्याळ घेता, आणि काचेला सत्तावीस हजार देताना रडता? ही श्रीमंतांची रड!"

याला माझी दोन उत्तरं आहेत. पहिलं असं, की माझ्या बायकोनं ते घड्याळ एकतीस वर्षांच्या खडूच्या धुळीतून कमावलं आहे. महाग वस्तू घेणारा प्रत्येक जण पैसे उधळायला बसलेला असतो, हा समज नेमका त्या कंपन्यांच्या सोयीचा आहे. तो समज आहे म्हणूनच त्यांना तसलं बिल लावता येतं आणि आपणही लाजून गप्प बसतो. दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं. हा नियम घड्याळापुरता राहत नाही. मोबाईलच्या स्क्रीनला तोच लागतो, वॉशिंग मशीनच्या बोर्डाला लागतो, शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला लागतो. श्रीमंतांच्या वस्तूत जी अट मुकाट्यानं चालवून घेतली जाते, ती उद्या गरजेच्या वस्तूत येऊन बसते. ट्रॅक्टर बंद पडलेल्या माणसाला पेरणीच्या दिवसांत 'आठ ते दहा आठवडे' ऐकावं लागलं, तर त्याचं काय होईल? तिथे कुणी श्रीमंतांची रड म्हणेल का?

आणि यात एका माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, त्याच्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. तो म्हणजे आमचे घड्याळवाले काका. बेंगळुरूच्या एचएमटीनं १९६१ पासून या देशाच्या मनगटावर घड्याळं बांधली. त्यांची काच, काटे, स्प्रिंग कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेत मिळायचं, म्हणून कुठल्याही तालुक्यात एक कारागीर पोट भरू शकायचा. २०१६ साली सरकारनं एचएमटीचा तो कारखानदारीचा संसार गुंडाळायचं ठरवलं. मात्र काकांच्या पिढीचं कौशल्य शिल्लक राहिलं. ते स्विस मशीन उघडू शकतात, साफ करू शकतात, तेल घालू शकतात. त्यांना नाही मिळत ती फक्त काच. त्यांचा मुलगा या धंद्यात आला नाही. का येईल? ज्याला सुटे भागच मिळणार नाहीत, त्या कारागिराच्या हातात राहतात ते पट्टे बदलणं आणि सेल टाकणं. आणि मग कंपन्या म्हणणार, बाहेर कुशल माणसं कुठे आहेत? अहो, तुम्ही विहिरीवर झाकण घातलंत आणि आता म्हणता गावात कुणाला पोहता येत नाही!

असो. नुसतं बोंबलून उपयोग नाही, काय हवंय तेही सांगायला हवं. माझ्या मागण्या चार आहेत आणि एकही अवास्तव नाही. एक, घड्याळ विकतानाच काच बदलायचा खर्च लेखी सांगा. आज जी किंमत तुम्ही बारा दिवसांनी ईमेलनं सांगता, ती दुकानातच सांगायला काय जातं? दोन, मशीन ठीक असेल तर नुसती काच बदलून द्या, सर्व्हिसची सक्ती नको. तीन, घड्याळाचा नंबर दाखवून कुणी काच विकत मागितली, मग तो मालक असो की कारागीर, तर द्या. चार, बाहेर काच बसवली म्हणून सगळी वॉरंटी रद्द करू नका. त्या कामामुळे काही बिघडलं असेल तर तुम्ही दाखवून द्या, तेवढ्यापुरतीच हमी नाकारा. यात कंपनीचा एक रुपया बुडत नाही. उलट काच विकून चार पैसे मिळतातच.

आणि तोवर आपण काय करायचं? कायदा अगदीच हात बांधून बसलेला नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक कराराविरुद्ध तक्रार करायची सोय आहे. तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे करता येते (निव्वळ करारच अन्यायकारक आहे असं म्हणायचं असेल तर राज्य आयोगाकडे). आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करायला वकील लागत नाही. पण त्याहून सोपी गोष्ट दुकानातच करता येते. घड्याळ पसंत पडलं की पैसे काढण्याआधी विचारायचं, याची काच फुटली तर किती पडतील, किती दिवस लागतील, नुसती काच बदलता का, आणि हे बिलावर लिहून देता का. दुकानदार हसेल. हसू द्या. एकट्यादुकट्यानं विचारलं तर तो हसण्यावारी नेईल. येणारा प्रत्येक जण विचारू लागला, तर त्यालाच वर फोन करून विचारावं लागेल, आणि मग कधीतरी त्या मुंगीच्या पावलांच्या पुस्तिकेत एक ओळ वाढेल.

आमच्या वॉरंटी कार्डाची किंमत आता शून्य आहे. घड्याळ मात्र रोज वापरात आहे. बघा, तुम्हाला काय पटतंय ते.